हॅम्बुर्गला ८४ खोकी टॉवेल पाठवायचेत. एलसीएलचं भाडं 'शून्य डॉलर' कसं?

पूर्वभाग_सोलापूर

नमस्कार. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. आजवर माल मुंबईच्या मर्चंट एक्स्पोर्टरला देत आलो. तो पुढे कुठल्या देशात जातो, कोण किती भाडं भरतं, हे आम्हाला कधी बघावं लागलं नाही. कारखान्याच्या दारात गाडी लागली की आमचं काम संपायचं. यंदा पहिल्यांदाच हॅम्बुर्गच्या एका व्यापाऱ्याने थेट आम्हाला ऑर्डर दिलीय. आयईसी (आयात-निर्यातीचा नंबर), एडी कोडची (बँकेचा कोड) कस्टमकडे नोंदणी, एलयूटी (जीएसटी न भरता निर्यात करायचं हमीपत्र) सगळं झालंय. अडलंय ते भाड्यापाशी.

मालाचा तपशील देते. ८४ खोकी, प्रत्येक खोकं ६० × ४० × ४५ सेंटिमीटर, भरलेलं वजन २४ किलो. माझ्या हिशेबाने ९.०७ घनमीटर आणि २,०१६ किलो होतात. खरेदीदाराने सीआयएफ हॅम्बुर्ग, म्हणजे तिथपर्यंतचं भाडं आणि विमा धरून भाव मागितलाय. ३० टक्के आगाऊ आलेत, उरलेले कागदपत्रांवर देणार आहे.

तीन कोटेशन आलीत. पहिल्यात न्हावा शेवा बंदर ते हॅम्बुर्ग एलसीएलचं (इतरांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमधून) सागरी भाडं शून्य डॉलर लिहिलंय, फक्त इथले लोकल चार्जेस वेगळे. दुसऱ्यात घनमीटरला ४२ डॉलर आणि लोकल चार्जेस जवळजवळ तेवढेच. तिसरं विमानाचं आहे, किलोला २२५ रुपये.

मामंजी म्हणतात, शून्यवाला घे, विचार कसला करतेस. पण साडेसहा हजार किलोमीटर लांब कुणी फुकट माल का नेईल, हे माझ्या मनातून जात नाही. शिवाय तिघांनीही मापं वेगवेगळी धरलीत. एकाने ९.०७, एकाने ९.७ आणि विमानवाल्याने फक्त वजन. यातलं बरोबर काय? आणि सीआयएफ भाव देताना मी नेमकं काय काय धरायचं? कुणी या कामातलं असेल तर नीट समजावून सांगा. पहिलाच माल आहे, पुढच्या वर्षीची सगळी ऑर्डर यावर अवलंबून आहे.

इचल_धागा

ताई, आमचा यार्न आणि कापडाचा धंदा आहे. माझा सल्ला सरळ आहे: सीआयएफच्या भानगडीत पडू नका, एफओबी न्हावा शेवा, म्हणजे तिथे जहाजावर चढेपर्यंतचाच भाव द्या. जहाजाचं भाडं, विमा, तिकडचं सगळं खरेदीदार बघेल. त्याचाच फॉरवर्डर (माल पाठवायची व्यवस्था करणारा) माल उचलेल, तुम्ही बंदरापर्यंत पोचवून मोकळ्या. आम्ही असंच करतो आणि झोप लागते.

द्रोणागिरीकर

ताई, मी उरण तालुक्यातला. आधी सीएफएसमध्ये (बंदराजवळचं कंटेनर भरायचं गोदाम) मालाची मापं घेत होतो, पुढे कस्टम ब्रोकरकडे आणि मग फॉरवर्डिंगमध्ये आलो. पोट याच कामावर भरलं, म्हणून जरा लांबण लावतो. तुमची शंका रास्त आहे. फुकट कुणी नेत नाही.

आधी शून्याचं सांगतो. एलसीएल म्हणजे एका कंटेनरमध्ये अनेकांचा माल. हा कंटेनर कन्सॉलिडेटर भरतो. जहाज कंपनीला तो अख्ख्या डब्याचं भाडं देतो, मग आत माल दहा घनमीटर असो की पंचवीस. गाव ते तालुका धावणारा वडापवाला जसा सीट भरायला हाका मारतो, तशी याला दर आठवड्याला डबा भरायची घाई असते. म्हणून तो मुंबईत भाडं उतरवतो, शून्यावर आणतो, कधी तर फॉरवर्डरला वर पैसे देतो. हे पैसे तो वसूल करतो हॅम्बुर्गला. तिथला त्याचा जोडीदार डबा फोडतो, माल गोदामात ठेवतो आणि तुमच्या खरेदीदाराच्या हातात बिल देतो: टर्मिनल हाताळणी, डबा फोडणी, डिलिव्हरी ऑर्डर, कागदपत्रं, आणखी काय काय. सगळं घनमीटरवर आणि त्यावर ठरावीक आकार. माल त्याच्या ताब्यात असतो, त्यामुळे खरेदीदार घासाघीस करू शकत नाही. बिल भरतो आणि राग तुमच्यावर काढतो. ज्याने तुम्हाला शून्याचा भाव दिला त्याच्यावर तो राग काढत नाही, कारण त्याला तो ओळखतच नाही.

तेव्हा तुम्ही दोघांनाही आजच ईमेल करा: हॅम्बुर्गला कन्साइनीकडून (माल घेणाऱ्याकडून) काय काय घेणार, घनमीटरला किती, बिल ऑफ लेडिंगमागे (जहाजाची मालपावती) किती, ते युरोत लिहून द्या. फोनवर विचारू नका, लेखी घ्या. जो लिहून देणार नाही त्याला माल देऊ नका. या धंद्यात मी हाच एक नियम कधी मोडला नाही. भाडं नुसतं विचारून काही कळत नाही. तुमच्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत प्रत्येक टप्प्याचा खर्च किती, तो कोणाच्या खिशातून आणि कधी जाणार, हे एका कागदावर आलं की मगच कोटेशनची तुलना होते.

आता मापांचं. समुद्राच्या एलसीएलमध्ये एक टन किंवा एक घनमीटर, यात जे जास्त भरेल त्यावर भाडं लागतं. तुमचा माल दोन टन आणि नऊ घनमीटर, म्हणजे तुम्ही जागेचे पैसे भरताय, वजनाचे नाही. विमानात एक घनमीटर म्हणजे १६७ किलो धरतात. सेंटिमीटरमधली लांबी, रुंदी, उंची गुणून ६,००० ने भागायचं. तुमचं खोकं १८ किलो येतं, खरं वजन २४. म्हणून विमानवाल्याने वजनच धरलं, त्याचं बरोबर आहे. २,०१६ किलोला २२५ म्हणजे ४,५३,६०० रुपये. टॉवेलसारख्या मालाला हे परवडत नाही. खरेदीदाराला नमुन्याची दोन-चार खोकी घाईने हवी असतील तर तेवढी विमानाने पाठवा, बाकी समुद्रानेच.

९.०७ आणि ९.७ हा फरक कुठून आला तेही सांगतो, कारण हे मी टेप हातात घेऊन केलेलं काम आहे. टॉवेलचं खोकं रिकामं असताना ४५ असतं. भरून पट्टी मारली की मधे फुगतं आणि ४८ होतं. सीएफएसमध्ये माप घेणारा फुगवट्यावरच टेप लावतो, कारण डब्यात तेवढी जागा ते खोकं खाणारच. ४८ ने गुणून बघा, ८४ खोक्यांचे ९.६८ होतात. म्हणजे ज्याने ९.७ लिहिलं त्याने तुम्हाला फसवलं नाही. त्याने टॉवेलचा माल आधी पाहिलाय.

यावर इलाज कारखान्यातच करायचा. वजनाला भाडं नाही, तेव्हा त्याच खोक्यात माल दाबून बसवायला वाव आहे. मात्र टेरीचे लूप चेपले तर टॉवेल पोचल्यावर मेलेला दिसतो, हे तुम्ही माझ्याहून जास्त जाणता. म्हणून प्रेसने आवळण्यापेक्षा खोकं जाड घ्या, सात प्लायचं. वरच्या थरावर घडी बदला आणि चारही बाजूंनी सपाट राहतंय का ते दहा-बारा खोकी भरून बघा. तीन सेंटिमीटर वाचले की या मालात ०.६ घनमीटर वाचतं. पुढे दर दोन महिन्यांनी माल जाऊ लागला की वर्षाला ही रक्कम लहान राहत नाही.

इचल_धागा भाऊंचा मुद्दा मला मान्य नाही. त्यांचं त्यांना जमलं असेल, ओळखीचा खरेदीदार असेल. नवीन खरेदीदाराला एफओबी दिलं की फॉरवर्डर त्याचा. मुंबईतले लोकल चार्जेस तो लावेल ते तुम्ही भरायचे, कारण तुम्ही त्याचं गिऱ्हाईक नाही. आणि ७० टक्के पैसे यायचे असताना माल ज्याच्या हातात आहे तो माणूस खरेदीदाराचा, हे मला बरं वाटत नाही. पहिल्या व्यवहारात फॉरवर्डर आपला असावा.

दुसरी गोष्ट नियमाची. एफओबी आणि सीआयएफ या दोन्हींमध्ये माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम विकणाऱ्याची. तुम्ही मात्र माल सीएफएसच्या गेटवर सोपवता. तिथून तो डब्यात भरला जाईपर्यंत, डबा बंदरात जाऊन जहाजावर चढेपर्यंत चार-सहा दिवस जातात. त्या दिवसांत माल तुमच्या नजरेआड आणि जोखीम तुमच्या डोक्यावर. म्हणूनच इन्कोटर्म्स (एफओबी, सीआयएफ अशा व्यापारी अटी) बनवणारी आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळी कंटेनरच्या मालाला एफओबीऐवजी एफसीए (माल वाहतूकदाराकडे सोपवला की आपली जोखीम संपते) आणि सीआयएफऐवजी सीआयपी वापरा असं सांगतात. सीआयपीमध्ये पहिल्या वाहतूकदाराच्या ताब्यात माल दिला की जोखीम खरेदीदाराची. भाडं आणि विमा मात्र तुम्हीच भरता, त्यामुळे खरेदीदाराला भाव सीआयएफसारखाच दिसतो. त्याला विचारून बघा. जर्मन व्यापारी या गोष्टी समजून घेतात. फक्त बँकेमार्फत कागद जाणार असतील तर करारात तीच अट लिहा, बिलात एक आणि करारात दुसरी नको.

आणि डीडीपी म्हणाला तर नाही म्हणा. त्यात तिकडची ड्युटी आणि आयातीवरचा कर तुमच्या गळ्यात येतो. युरोपात तुमची नोंदणी नसताना तो परत मिळवायचा मार्ग तुम्हाला नाही.

हॅम्बुर्गवासी

नमस्कार, मूळ बार्शीचा, बरीच वर्षं हॅम्बुर्गला एका आयात गोदामात आहे. सोलापूर आणि टॉवेल वाचलं म्हणून थांबलो.

द्रोणागिरीकरांनी सांगितलेलं शंभर टक्के खरं आहे. मी ती बिलं रोज बघतो. भारतातून शून्य भाड्याने आलेल्या मालाचं इथलं बिल कधीकधी नेहमीच्या समुद्रभाड्याच्या दुप्पट असतं आणि व्यापारी फोनवर ओरडत असतो. इथे अजून एक खर्च असतो जो कोणत्याच कोटेशनमध्ये येत नाही. कस्टमने डबा क्ष-किरण तपासणीला घेतला तर तो खर्च डब्यातल्या सगळ्यांवर वाटला जातो आणि दुसऱ्या कुणाच्या खोक्यात गडबड असली तरी तुमचा माल अडकतो. एलसीएलमध्ये हे धरूनच चालायचं. खरेदीदाराला सुटीच्या हंगामासाठी माल हवा असेल तर दोन आठवडे हातचे ठेवायला सांगा.

ताई, तुमच्या खोक्याचं माप ६० × ४० बघून आनंद झाला. युरो पॅलेट १२० × ८० असते, म्हणजे एका थरात बरोबर चार खोकी बसतात, काठाबाहेर काही येत नाही. खरेदीदाराला विचारा, त्याला माल पॅलेटवर हवा की सुटा. आमच्या गोदामात सुटा माल आला तर आम्ही पॅलेटवर लावायचे पैसे लावतो. २४ किलो वजनही योग्य आहे, त्याच्या वर नेऊ नका. जड खोकं आमच्याकडे एकट्या माणसाला उचलू देत नाहीत.

अजून एक. युरोपात येणाऱ्या मालाची आगाऊ माहिती जहाजावर चढवण्याआधी द्यावी लागते, आणि त्यात आता मालाचा सहा आकडी एचएस कोड (मालाच्या प्रकाराचा कस्टम कोड) आणि खरेदीदाराचा ईओआरआय नंबर (युरोपातल्या कस्टमची नोंदणी) लागतो. नुसतं 'टेक्स्टाइल गुड्स' लिहिलेलं चालत नाही. सुती टेरी टॉवेल असं स्पष्ट लिहा. ईओआरआय नंबर आत्ताच मागून ठेवा, शेवटच्या दिवशी तिकडे रविवार निघतो.

पूर्वभाग_सोलापूर

काका, दादा, दोघांचेही मनापासून आभार. काल दोघांनाही ईमेल केला. शून्यवाल्याने आधी 'ते कन्साइनीचं बघतो, तुम्ही कशाला काळजी करता' असं म्हटलं. परत लिहिल्यावर उत्तर आलं: हॅम्बुर्गला घनमीटरला ११० युरो, वर ठरावीक १६० युरो. ४२ डॉलरवाल्याने तासाभरात तक्ता पाठवला: घनमीटरला ४८ युरो, वर ९५.

हिशेब मांडला. पहिल्याचं इथे शून्य, तिथे सुमारे १,१५८ युरो. दुसऱ्याचं इथे ३८१ डॉलर, तिथे सुमारे ५३० युरो. ३८१ डॉलर म्हणजे कितीही धरले तरी साडेतीनशे युरोच्या आसपास, म्हणजे दुसरा एकूण पावणेनऊशेच्या घरात. मामंजींना कागद दाखवला. ते दोनदा वाचून म्हणाले, दुसऱ्यालाच दे, आणि तो पहिला कागद जपून ठेव.

खरेदीदार पॅलेटवर माल घ्यायला तयार आहे. त्यालाही दोन्ही तक्ते पाठवले, तो खूश झाला, म्हणाला की असं आधी कुणी दाखवलं नव्हतं. सीआयपीलाही हो म्हणाला.

आता तीन प्रश्न. पॅलेट केल्यावर भाडं किती वाढेल? सोलापूरहून न्हावा शेव्याला माल पार्ट लोडने पाठवू की स्वतंत्र गाडीने? पार्ट लोड निम्म्याहून स्वस्त पडतंय. आणि विमा खरंच लागतो का? फॉरवर्डर म्हणतो त्याची जबाबदारी आहेच.

कळंबोली_ट्रान्सपोर्ट

गाडीचं मी सांगतो. ताई, पार्ट लोड स्वस्त असतं कारण तुमचा माल सोलापूरच्या गोदामात उतरतो, मोठ्या गाडीत चढतो, कळंबोलीला किंवा भिवंडीला उतरतो, तिथून छोट्या गाडीत चढून सीएफएसला जातो. तेवढ्या वेळा हमाल हात लावतात. खालच्या थरात कुणाचं लोखंड, कुणाचं रंगाचं पिंप, वर तुमचे टॉवेल. देशातल्या गिऱ्हाइकाला ते चालून जातं. निर्यातीच्या खोक्याला कोपरा दबला तरी सीएफएस 'डॅमेज' शेरा मारतं आणि तो शेरा पुढे कागदांवर तुमच्या मागे लागतो. पावसाळ्यात तर विचारूच नका. शिवाय पार्ट लोड कधी पोचेल याची तारीख कुणी देत नाही, आणि सीएफएसला माल घ्यायची शेवटची वेळ असते. ती चुकली की जहाज पुढच्या आठवड्याचं.

दोन टन माल आहे, पण जागा बघा. नऊ घनमीटर म्हणजे सुमारे ३२० घनफूट. सुटी खोकी असती तर टाटा ४०७ टेम्पोमध्ये चेपून बसली असती. पॅलेट असतील तर चौदा फुटी बॉडीची गाडी घ्या, बंद असेल तर उत्तम, नाहीतर दोन ताडपत्र्या आणि खाली प्लास्टिक. पॅलेट चढवायला तुमच्याकडे फोर्कलिफ्ट आहे का ते आधी बघा. नसेल तर पॅलेट सीएफएसमध्येच करून घेतात, फॉरवर्डरला दर विचारा.

सोलापूर ते न्हावा शेवा साधारण पावणेचारशे किलोमीटर. ई-वे बिलाला (जीएसटीचा माल-वाहतुकीचा कागद) २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, म्हणजे तुम्हाला दोन. संध्याकाळी भरून निघाली की इंदापूर, भिगवण करत पहाटे पुणे ओलांडते आणि सकाळी पळस्पे फाट्याला. सीएफएसच्या रांगेत दिवस गेला तर ई-वे बिलाची मुदत संपायच्या आठ तास आधी किंवा नंतर वाढवता येते, ते काम ड्रायव्हरवर सोडू नका. भाडं ठरवताना रांगेत थांबल्याचा दर, टोल कोणाचा, चढ-उतार हमाली कोणाची, हे तिन्ही आधी बोलून घ्या. भांडणं भाड्यावरून होत नाहीत, या तिन्हीवरून होतात.

आणि बिल्टीवर मालाची किंमत लिहायला लावा. कायद्याने वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरती असते, जास्त किंमत आधी घोषित केली असेल तरच त्यावर. बारा-पंधरा हजार भाड्याच्या गाडीत दहा लाखांचा माल गेला आणि काही झालं, तर दहापट किती होते ते तुम्हीच बघा. मी स्वतः वाहतूकदार आहे, तरी सांगतो की यावर विसंबू नका, विमा काढा.

द्रोणागिरीकर

कळंबोलीवाल्या भाऊंनी माझं अर्धं काम केलं. आता उरलेलं.

पॅलेटचा हिशेब. एका पॅलेटवर चार थर, सोळा खोकी. उंची १८० आणि पॅलेटची पंधरा, १९५ सेंटिमीटर. ८४ खोक्यांना सव्वापाच पॅलेट लागतात, म्हणजे सहाव्या पॅलेटवर फक्त चार खोकी आणि बाकी हवा. खरेदीदाराला ८० किंवा ९६ खोकी चालतात का ते विचारा. ८० केली तर पाच पॅलेट भरून जातात, ९.३६ घनमीटर. तीच ८० सुटी ८.६४ झाली असती. म्हणजे पॅलेटमुळे पाऊण घनमीटर वाढतं, पण तिकडचा पॅलेटवर लावायचा खर्च आणि खोकी फुटण्याची भीती जाते. फुगवटा काढणं आता जास्त महत्त्वाचं, कारण चार थरांचा फुगवटा एकावर एक चढतो आणि वरचा थर डोलायला लागतो. लाकडी पॅलेटवर आयएसपीएम-१५ चा (लाकडात कीड नसल्याचा) शिक्का असायलाच हवा, नाहीतर युरोपात माल अडतो. शिक्का मारलेली पॅलेट विकत घ्या, गल्लीतल्या सुताराकडून करून घेऊ नका.

९६ खोकी करायचं ठरलं तर माल सव्वाअकरा घनमीटरला जातो. तेव्हा एकदा वीस फुटी अख्ख्या डब्याचंही कोटेशन मागा. डब्यात ३३ घनमीटर जागा असते, खोक्यांचा माल प्रत्यक्षात २६ ते २८ बसतो. लोक म्हणतात तेरा-पंधरा घनमीटरपर्यंत एलसीएलच स्वस्त. ते फक्त इकडचं भाडं धरून. तिकडचे घनमीटरवरचे आकार मिळवले की तो आकडा खाली येतो. म्हणून मी दहाच्या पुढे माल गेला की दोन्ही मागवतो. अख्ख्या डब्यात दुसऱ्याचा मसाला नाही, चामडं नाही, वास नाही. सुती माल वास फार लवकर धरतो. एलसीएलने पाठवाल तेव्हा फॉरवर्डरला लिहून द्या की माझ्याबरोबर वासाचा माल भरू नका, आणि प्रत्येक खोक्यात आतून प्लास्टिकचं अस्तर आणि ओल शोषणारी पुडी घाला.

हे सांगण्याचं कारण प्रवास लांबलाय. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि मोठ्या कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घातला. त्या वाटेने दहा ते चौदा दिवस जास्त जातात. फॉरवर्डरला विचारा, तुमचं जहाज कोणत्या वाटेने जाणार आणि मधे कुठे डबा बदलणार. कोटेशनची मुदतही बघा. बहुतेकदा महिनाअखेरपर्यंतच असते आणि युद्धाचा, इंधनाचा अधिभार वेगळ्या ओळीत असतो. 'सर्व धरून' असं लिहून आलं असेल तरच ते सर्व धरून.

विमा. फॉरवर्डर जबाबदारी म्हणतो ती खरी आहे, पण ती वजनावर मोजलेली आणि मर्यादित असते. मालाच्या किमतीशी तिचा संबंध नाही. तुम्ही सीआयपी केलंय, त्यात इन्कोटर्म्स २०२० प्रमाणे क्लॉज ए चा (जवळजवळ सगळ्या जोखमींचा) विमा द्यावाच लागतो, किमतीच्या ११० टक्के रकमेचा. सीआयएफ असतं तर क्लॉज सी पुरला असता, आणि अनेक जण स्वस्त म्हणून तोच काढतात. सी मध्ये आग, जहाज बुडणं, रुतणं असलं मोठं संकट येतं. चोरी येत नाही, पावसाचं पाणी येत नाही. टॉवेलचं नुकसान बहुतेक पाण्यानेच होतं. पॉलिसी सोलापूरच्या कारखान्यापासून हॅम्बुर्गच्या गोदामापर्यंत घ्या, म्हणजे आमच्या घाटातला प्रवासही आला. पॅकिंग कच्चं असेल किंवा माल नुसता उशिरा पोचला तर मात्र क्लॉज ए मध्येही पैसे मिळत नाहीत.

कुणाला वाटेल जहाजं काय रोज बुडतात. मे २०२५ मध्ये आपल्याच किनाऱ्यावर, कोचीजवळ, एमएससी एल्सा ३ बुडालं. ६४० कंटेनर होते त्यावर. आणि बुडायलाच हवं असंही नाही. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन सुएझमध्ये अडकलं, ते सुटलं, माल शाबूत होता. तरीही जहाजाच्या मालकांनी जनरल ॲव्हरेज जाहीर केलं. म्हणजे जहाज वाचवायचा खर्च जहाजावर माल असलेल्या प्रत्येकाने वाटून द्यायचा, आणि हमी दिल्याशिवाय माल सोडत नाहीत. विमा असेल तर ती हमी विमा कंपनी देते. नसेल तर रोख अनामत तुम्ही नाहीतर तुमचा खरेदीदार.

पैशाचं. ७० टक्के येईपर्यंत बिल ऑफ लेडिंगचे तिन्ही मूळ कागद तुमच्या किंवा बँकेच्या हातात ठेवा. एलसीएलमध्ये तुम्हाला फॉरवर्डरचा हाउस बिल ऑफ लेडिंग मिळेल. तो देणाऱ्याची एमटीओ (बहुविध वाहतूकदार) नोंदणी नौवहन महासंचालनालयाकडे आहे का, नंबर मागा. खरेदीदार 'टेलेक्स रिलीज करा, वेळ वाचेल' म्हणेल, म्हणजे मूळ कागद न दाखवता माल सोडायला सांगा. पैसे खात्यात आल्यावर जरूर करा, त्याआधी नाही. माणूस कितीही चांगला वाटला तरी नाही.

शेवटी शिपिंग बिल, म्हणजे कस्टमला द्यायचा निर्यातीचा कागद. टॉवेलला ड्रॉबॅक आणि, योजना चालू असेल तर, आरओएससीटीएल असा ड्युटी-करांचा परतावा मिळतो, पण तो शिपिंग बिल भरतानाच मागावा लागतो. आणि तो एफओबी किमतीवर मोजतात. तुमचा भाव सीआयपी आहे, तेव्हा ब्रोकर त्यातून भाडं आणि विमा वजा करून एफओबी काढेल. भाड्याचा खरा आकडा द्या. अंदाजाने जास्त टाकला तर तुमचाच परतावा कमी होतो. ब्रोकरने केलेली चेकलिस्ट मागून घ्या आणि स्वतः वाचा: एचएस कोड, खोक्यांची संख्या, निव्वळ आणि एकूण वजन, एडी कोड. लेट एक्स्पोर्ट ऑर्डर (कस्टमची निर्यातीला परवानगी) झाल्यावर दुरुस्ती करायला फार धावपळ होते.

माल निघायच्या आधी खोकी भरून झाली की फुगवट्यावर टेप लावून मापं इथे टाका. ४६ च्या आत असतील तर मी बुकिंगचं माप कसं लिहायचं ते सांगतो.

पूर्वभाग_सोलापूर

काका, खरेदीदार ८० ला तयार झालाय, राहिलेली चार खोकी पुढच्या मालात घेणार. सात प्लायची खोकी उद्या येतायत. रविवारी दहा भरून बघते आणि मापं टाकते. विम्याचं कोटेशन क्लॉज ए चं मागवलंय.